आरोग्य सेवेतील मनुष्यबळ आणि शिक्षणसाहाय्य: मुंबईसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहेत. नर्सिंग किंवा आरोग्याच्या एखाद्या अभ्यासक्रमाला जाऊ पाहणारे विद्यार्थी, वस्तीत काम करणाऱ्या आरोग्य सेविका आणि आशा कार्यकर्त्या, आणि अशा शिक्षणाला पैसे द्यायची इच्छा असलेल्या संस्था, मंडळे व कंपन्या. शेवटच्या गटाने बंधपत्राचा, म्हणजे मदतीच्या बदल्यात ठरावीक काळ सेवा करण्याच्या कराराचा, प्रश्न आधी वाचावा.

मुंबईत गल्लोगल्ली डॉक्टरांच्या पाट्या दिसतात. मग तुटवडा कसला?

पाट्या खासगी दवाखान्यांच्या आहेत. सार्वजनिक आरोग्याचे काम वेगळे: घरोघरी जाऊन गरोदर बाईची नोंद करणे, लसीकरणाचे सत्र भरवणे, क्षयरोगाच्या रुग्णाची औषधे तुटू न देणे, थुंकीचा नमुना तपासणे, पाण्याची टाकी आणि डासांची ठिकाणे पाहणे. हे काम एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माते, स्वच्छता निरीक्षक आणि आशा करतात. त्यातला एक जण कमी असला तरी फरक लगेच दिसतो. बुधवारचे लसीकरण सत्र पुढच्या आठवड्यावर जाते आणि दिवसभराची मजुरी बुडवून आलेली आई परत येत नाही.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचे निकष असे आहेत: साधारण ५०,००० लोकसंख्येला एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, १०,००० लोकांमागे एक एएनएम, १,००० ते २,५०० लोकांमागे एक आशा. दोन लाखांच्या वस्तीचा हिशेब करा. चार केंद्रे, २० एएनएम आणि किमान ८० आशा लागतात. आपल्या वस्तीत प्रत्यक्ष किती आहेत ते मोजले की चित्र स्पष्ट होते. जागतिक आरोग्य संघटना डॉक्टर, परिचारिका आणि प्रसाविका मिळून दर १०,००० लोकांमागे ४४.५ ही संख्या संदर्भासाठी धरते.

तुटवडा तीन तऱ्हांचा असतो आणि त्यांत गल्लत केली की पैसे वाया जातात. पहिला: पद मंजूर आहे, पण पात्र माणूस मिळत नाही. दुसरा: पदच मंजूर नाही. तिसरा: पद भरलेले आहे, पण कंत्राटी असल्यामुळे माणूस सहा-आठ महिन्यांत सोडून जातो. शिक्षणसाहाय्याने पहिला तुटवडा भरून निघतो, तिसऱ्यावर थोडाफार परिणाम होतो. दुसऱ्यावर काहीच होत नाही. तिथे मुलींना शिकवत राहिले तर त्या शिकतात आणि खासगी रुग्णालयात जातात. त्यात त्यांचा दोष नाही.

रिक्त पदे कुठे आहेत हे कसे कळेल?

माहिती अधिकाराने. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात "कर्मचाऱ्यांची माहिती द्यावी" असे मोघम लिहू नका, उत्तरही मोघम येते. विभागाचे नाव घालून संवर्गनिहाय चार रकाने मागा: मंजूर पदे, भरलेली पदे, त्यांपैकी कंत्राटी किती, आणि मागील तीन वर्षांत किती जणांनी काम सोडले. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका असतो. महापालिकेकडे विचारताना दवाखाने, आरोग्य केंद्रे, प्रसूतिगृहे आणि उपनगरी रुग्णालये यांचे आकडे वेगवेगळे मागावेत. एकत्र आकड्यात प्रसूतिगृहातली तूट लपून जाते.

कोणकोणते अभ्यासक्रम आहेत? सुरुवात कुठून करावी?

एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे. बारावी इंग्रजी विषयासह लागते आणि वय १७ ते ३५. कोणत्या शाखेची बारावी चालते ते त्या वर्षीच्या सूचनेत नीट वाचावे, विशेषतः वाणिज्य शाखेच्या मुलींनी. जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसाविका अभ्यासक्रम, तीन वर्षांचा. बारावीला इंग्रजी आणि किमान ४० टक्के गुण हवेत. विज्ञान शाखा असली तर सोपे जाते. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात आणि राज्य सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. जीएनएम झालेल्या परिचारिकेला पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते.

नर्सिंगबाहेरही रस्ते आहेत आणि त्यांकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेची स्वच्छता निरीक्षक पदविका एक वर्षाची आहे. प्रयोगशाळा तंत्रज्ञासाठी अनेक सरकारी जाहिरातींत बीएस्सी आणि त्यावर डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) मागतात. त्यामुळे बारावीनंतर थेट डीएमएलटी करणाऱ्याने जुन्या दोन-तीन जाहिराती आधी वाचाव्यात. औषधनिर्मितीची पदविका दोन वर्षांची. कार्यक्रम आखणे, आकडेवारी सांभाळणे, साथींचा माग काढणे यासाठी देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहेत, पण ते पदव्युत्तर शिक्षण आहे.

कुठे सुरुवात करावी असे विचाराल तर आमचे मत सरळ आहे: एएनएम. दोन वर्षांत माणूस उभा राहतो, खर्च झेपतो आणि वस्तीतली मुलगी वस्तीतच काम करायला तयार असते.

वस्तीतल्या आरोग्य सेविकेला किंवा आशाला एएनएम करता येईल का?

येईल, वय ३५च्या आत असेल आणि बारावी झालेली असेल तर. अडचण इथेच येते. पुष्कळ जणी दहावीवर कामाला लागलेल्या असतात. बारावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून करायला साधारण दीड-दोन वर्षे जातात, म्हणून ३१-३२ वयाच्या सेविकेला आजच बसवावे लागते. मदतनिधीतला पहिला रुपया बारावीच्या परीक्षा फीवर आणि शिकवणीवर खर्च करावा असे आम्ही म्हणतो ते यासाठी. रक्कम छोटी असते, पण ती वेळेवर दिली नाही तर वयाचे दार बंद होते. एकदा एएनएम झाले की पुढे जीएनएमला जाताना वयाची अट आड येत नाही.

पस्तिशी ओलांडलेल्या सेविकेसाठी नोंदणीकृत परिचारिकेचा मार्ग उरत नाही, हे तिला स्पष्ट सांगावे. खोटी आशा दाखवू नये. तिच्यासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि पदवीचा मार्ग मोकळा आहे. वस्तीच्या कामातला तिचा अनुभव पर्यवेक्षक पदासाठी पदवीबरोबर उपयोगी पडतो.

मुलींची फी शासनाने माफ केली आहे ना? मग मदत कशाला हवी?

८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात १०० टक्के लाभ मिळतो. निर्णय चांगला आहे. पण त्यात तीन गोष्टी बसत नाहीत. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेला प्रवेश बसत नाही. खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे बसत नाहीत. आणि शुल्काबाहेरचा कुठलाच खर्च बसत नाही. आपला अभ्यासक्रम यादीत आहे की नाही, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती लिपिकाकडून प्रवेशाआधी लेखी घ्या.

खरी अडचण शुल्काबाहेरची आहे. नर्सिंगच्या परीक्षेला बसायला वर्गात आणि वॉर्डात प्रत्येकी ८० टक्के हजेरी लागते. शेवटी प्रमाणपत्र मिळण्याआधी वॉर्डातली हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. पोस्टिंग सकाळ, दुपार आणि रात्र अशा पाळ्यांत असते. म्हणजे शिकताना अर्धवेळ नोकरी जमत नाही. दुकानात किंवा शिवणकामात महिन्याला चार पैसे आणणारी मुलगी शिकायला गेली की घरातली ती मिळकत थांबते. आरोग्य सेविकेचे मानधनही थांबते. ही बुडालेली मिळकत कोणत्याच शिष्यवृत्तीच्या रकान्यात नसते आणि मुली शिक्षण सोडतात त्या याच कारणाने, दुसऱ्या सत्राच्या सुमारास, साठवलेले पैसे संपले की.

मग छोटे खर्च येतात. दोन जोड गणवेश, पांढरे बूट, सेकंदकाटा असलेले घड्याळ, प्रात्यक्षिकाच्या वह्या. कावीळ बी-ची लस: तीन मात्रा, सहा महिन्यांत विभागलेल्या. प्रवेशाच्या आठवड्यातच पहिली मात्रा घ्यावी, कारण सुया हाताळायची वेळ लवकर येते. लोकलच्या पासात विद्यार्थी सवलत मिळते, पण खुल्या प्रवर्गाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत आणि अनुसूचित जाती-जमातींना २७पर्यंत. तिशीतली माजी सेविका पूर्ण भाड्याचा पास काढते. मदत ठरवताना तिचा प्रवासखर्च वेगळा धरा.

शासनाच्या कोणत्या योजना आधी पाहाव्यात?

प्रवर्गानुसार महाडीबीटी पोर्टलवर. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातींसाठी उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मर्यादा ८ लाख. वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता.

एक योजना मुंबईत फार कमी जणांना माहीत असते: इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे शैक्षणिक साहाय्य. वडील गवंडी, बिगारी, रंगारी, सुतार असतील आणि मंडळाकडे त्यांची नोंदणी जिवंत असेल तर पहिल्या दोन अपत्यांना पदवीसाठी वर्षाला २०,००० रुपये मिळतात. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. नूतनीकरण राहिले म्हणून अर्ज बाद होणे नेहमीचेच. मुलीच्या प्रवेशाआधी वडिलांचे कार्ड काढून तारीख बघा.

मी मुंबईतच राहते. स्वाधार योजनेचे ६०,००० रुपये मिळतील का?

नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या, बाहेरगावाहून आलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मुंबईत शिकणाऱ्यांना भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,००० असे वर्षाला ६०,००० मिळतात. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् आणि इतर मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार या योजना याच धर्तीवर आहेत. जव्हार-मोखाड्याहून मुंबईत शिकायला आलेल्या मुलीने जरूर अर्ज करावा. मानखुर्दच्या मुलीसाठी मात्र यात जागा नाही. तिथेच स्थानिक संस्थेच्या निर्वाह मदतीची गरज सर्वांत जास्त आहे.

महाडीबीटीचा अर्ज मंजूर दिसतो, पैसे येत नाहीत. का?

बहुतेक वेळा कारण बँक खाते असते. "खाते आधारला लिंक आहे" हे बँकेतला माणूस केवायसीच्या, म्हणजे ओळख पटवल्याच्या, अर्थाने सांगतो. शिष्यवृत्तीचा पैसा जातो तो एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाच्या) नोंदीत आधार क्रमांकासमोर ज्या बँकेचे नाव आहे तिथे. ही नोंद एका वेळी एकाच बँकेची असते आणि शेवटी ज्या बँकेत संमतीचा फॉर्म दिला तिची राहते. शाळेत असताना उघडलेले आणि नंतर विसरलेले शून्य शिलकीचे खाते तिथे असेल, तर पैसे त्या खात्यात जातात. खाते बंद पडले असेल तर परत जातात. उपाय सोपा आहे. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा. तिथे ज्या बँकेचे नाव दिसते ती आपली चालू बँक नसेल तर चालू बँकेत जाऊन आधार सीडिंगचा वेगळा फॉर्म भरा, पोच घ्या आणि आठवड्याने पुन्हा तपासा. हे काम अर्ज भरण्याआधीचे आहे.

दुसरे कारण: अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्येच पडून असतो. लिपिकाने पडताळून पुढे पाठवल्याशिवाय तो विभागाकडे जात नाही. आठवड्यातून एकदा स्थिती पाहा आणि "संस्था स्तरावर प्रलंबित" दिसले तर अर्जाची छापील प्रत घेऊन लिपिकाला भेटा. अर्ज दुरुस्तीसाठी परत आला असेल तर मुदत कमी असते, म्हणून मोबाइल क्रमांक सारखा बदलू नका.

तिसरे: आधारवरचे, दहावीच्या गुणपत्रिकेवरचे आणि बँकेतले नाव जुळत नाही. लग्न झालेल्या सेविकांच्या बाबतीत हे हटकून होते. प्रवेश माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. राजपत्रात नावबदल करायला वेळ लागतो, त्यामुळे ते काम बारावीच्या निकालाच्याही आधी हातात घ्यावे.

मंजूर रक्कम साधारणपणे दोन हप्त्यांत येते आणि प्रत्येक वर्षी नूतनीकरण करावे लागते. पहिला हप्ता यायला अनेकदा वर्ष सरत येते. मधल्या महिन्यांसाठी पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशीच सोडवून ठेवा.

दाखले कुठे काढायचे?

शहर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या जकातघरात, उपनगरचे वांद्रे पूर्वेला. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला अशी तहसील कार्यालये आहेत. आपण कोणत्या तहसिलात येतो ते आधी पाहा. अर्ज आपले सरकार पोर्टलवरूनही करता येतो. उत्पन्नाचा, अधिवासाचा, लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर आणि जातीचा दाखला, आणि जात वैधता. वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून अकरावीतच अर्ज करावा. अधिवासासाठी राज्यातले १५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. भाड्याच्या खोल्या बदलत राहिलेल्या कुटुंबाकडे सलग पुरावा नसतो. शाळा सोडल्याचे दाखले आणि शिधापत्रिका जपून ठेवल्या असतील तर हा पेच सुटतो.

शैक्षणिक कर्ज घ्यावे का?

एएनएमसाठी शक्यतो नको. बीएस्सी नर्सिंगसाठी, इतर मार्ग संपल्यावर. ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारच्या पतहमी योजनेत (बँकेला कर्जाची हमी सरकार देते) तारण लागत नाही. शाखेत तारण मागितले तर नकार लेखी मागा. अभ्यासक्रमाची मुदत आणि त्यावर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, पण व्याज चढत असते. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत त्या काळातले व्याज शासन भरते, मात्र अभ्यासक्रम आणि संस्था त्या योजनेत बसणारी हवी. ही अट न तपासता कर्ज घेतले की चौथ्या वर्षी अंगावर येते.

"सहा महिन्यांत नर्स व्हा, नोकरीची हमी" अशा जाहिराती खऱ्या का?

नाही. सहा महिन्यांत नर्स होता येत नाही. स्टेशनबाहेरच्या भिंतींवर चिकटवलेल्या या जाहिराती बहुधा रुग्णसहायकाच्या, म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटच्या, असतात. ते काम मानाचे आहे. पण त्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही आणि नोंदणीशिवाय सरकारी परिचारिकेच्या पदाला अर्जही करता येत नाही. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: संस्था भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या या वर्षीच्या यादीत आहे का, आणि परीक्षा कोण घेते. एएनएम-जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. "आमची स्वतःची परीक्षा" असे उत्तर आले की उठून बाहेर पडा. देणगीदार संस्थांनी तर पैसे अशा वर्गांना कधीच देऊ नयेत. चांगल्या हेतूने दिलेला निधी इथे सर्वाधिक वाया जातो.

आमची संस्था पैसे देणार आहे. बंधपत्र घ्यावे का आणि कसे?

घ्यावे, पण त्यात मुलीला बांधण्याइतकीच संस्थेलाही बांधावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१०मध्ये दुर्गम भागांत कर्मचारी टिकवण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या, २०२१मध्ये त्या सुधारल्या. सेवेच्या अटीवर दिलेली शिष्यवृत्ती आणि त्याच भागातल्या विद्यार्थ्यांची निवड या दोन्ही शिफारशी त्यात आहेत. आमच्या मते दुसरी जास्त महत्त्वाची. निवड चुकली तर कागद कितीही कडक असो, उपयोग होत नाही.

कागद करताना पाच गोष्टी पाहा. वय: एएनएमला १७व्या वर्षी प्रवेश मिळतो, आणि १८ पूर्ण न झालेल्या व्यक्तीने केलेला करार १८७२च्या करार कायद्याने शून्यवत आहे. पालकांची सही घ्या आणि १८ पूर्ण झाल्यावर तिच्याशी नव्याने करार करा. दुसरी सही राहून गेली की बंधपत्राला काही अर्थ उरत नाही.

रक्कम: प्रत्यक्ष दिलेल्या मदतीइतकीच. १ लाख २० हजार देऊन ५ लाखांचा दंड लिहिला तर न्यायालय वाजवी नुकसानीपलीकडे जात नाही. सेवा जसजशी होईल तसतशी रक्कम कमी व्हावी. २४ महिन्यांच्या सेवेवर १,२०,००० म्हणजे महिन्याला ५,००० वजा. पंधरा महिन्यांनी सोडले तर उरतात ४५,०००, आणि तेही हप्त्यांनी.

नोकरी: इथे बहुतेक बंधपत्रे फसतात. मुलगी पास होते, पण भरती निघालेली नसते. नोंदणी मिळाल्यापासून सहा महिन्यांत ठरलेल्या विभागात पद मिळाले नाही तर ती मोकळी, असे स्पष्ट लिहा. पद देता येत नसेल तर सेवा मागू नये.

सवलती: बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा मुदतीत धरू नका, पण त्यासाठी दंडही नको. आजारपण, घरातला मृत्यू, लग्नानंतर दुसऱ्या शहरात बदली यांसाठी तिथल्या सरकारी केंद्रात सेवा पूर्ण करण्याची मुभा ठेवा.

आणि शेवटचे, पण सर्वांत ठामपणे: मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे कधीही ठेवून घेऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८मध्ये उच्च शिक्षण संस्थांना मूळ कागद अडकवायला मनाई केली आहे, आणि देणगीदार संस्थेला तर तसा हक्क कधीच नव्हता. कागद अडकले की मुलीची नोंदणीच होत नाही, म्हणजे ज्या पदासाठी सगळे केले तेच रिकामे राहते.

डॉक्टरांच्या बंधपत्राचे काय?

राज्यात शासकीय व महापालिका वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची सेवा आहे, ती टाळल्यास १० लाख रुपये. पदव्युत्तरांसाठी ही रक्कम ५० लाख आहे. अशा सेवाबंधाला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९मध्ये मान्यता दिली. एका वर्षाने पद तेवढ्यापुरते भरते, टिकत नाही. टिकवायचे तर मुदत मोठी आणि पुढचा रस्ता बांधलेला हवा. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने ग्रामीण सेवा आणि तिथला पदव्युत्तर प्रवेश यांची सांगड घातली. जपानमध्ये १९७२ला स्थापन झालेल्या जिची वैद्यकीय विद्यापीठात प्रांत फी भरतो आणि नऊ वर्षांच्या सेवेनंतर ती माफ होते. हे मॉडेल आपल्याकडे परिचारिकांसाठी वापरता येईल. खर्च कितीतरी कमी पडेल.

मराठी माध्यमाच्या मुली पहिल्या वर्षी का गळतात?

विषय कळत नाही म्हणून नव्हे. इंग्रजी शब्द आणि गणित, ही दोन कारणे. एक उदाहरण. ५०० मिली सलाइन सहा तासांत द्यायचे आहे, संचातून एका मिलीला २० थेंब पडतात. मिनिटाला थेंब किती? ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. सहा तास म्हणजे ३६० मिनिटे. उत्तर २८च्या आसपास. दहावीच्या गणिताची मुलगी हे सहज करते, पण प्रश्न इंग्रजीत आणि वॉर्डात, मागे उभ्या असलेल्या सिस्टरसमोर आला की हात थरथरतो. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममधली हजाराची चूक इथेच होते.

म्हणून प्रवेशानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत आठवड्याला दोन, प्रत्येकी दीड तासाचे वर्ग ठेवा. एकात औषधाचे हिशेब, दुसऱ्यात शरीराच्या अवयवांची आणि नोंदवहीतली इंग्रजी नावे. शिकवायला निवृत्त परिचारिका शोधा. मुंबईत प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या आसपास त्या राहतात आणि बोलावले तर येतात. या वर्गांचा खर्च एका गणवेशाइतका आहे, परिणाम मात्र निकालात दिसतो.

दहा मुलींसाठी किती निधी लागेल?

आकडे आपापल्या वस्तीप्रमाणे बदला, रीत हीच ठेवा. एएनएमसाठी दरमहा ४,००० निर्वाह धरला तर २४ महिन्यांचे ९६,०००. गणवेश, पुस्तके, लस, फॉर्म यांचे एकरकमी १५,०००. निकाल ते पहिला पगार या काळासाठी आणखी चार महिन्यांचे १६,०००. एका मुलीमागे १,२७,००० आणि दहा जणींचे १२,७०,०००. वर दहा टक्के अडीअडचणीला, म्हणजे साधारण १४ लाख. पूर्ण रक्कम हाती आल्याशिवाय दहाव्या मुलीची निवड करू नका. सहा मुलींना शेवटपर्यंत नेणे हे दहा जणींना दीड वर्षावर सोडण्यापेक्षा कितीतरी बरे.

निर्वाह दरमहा ५ तारखेच्या आत मुलीच्या स्वतःच्या खात्यात जावा. तीन महिन्यांचे एकदम दिले की घरात दुसरीकडे लागतात. हजेरी ८० टक्क्यांखाली गेली तर पैसे थांबवण्याआधी घरी जाऊन या.

पास झाल्यावर लगेच नोकरी मिळते का?

लगेच नाही. निकालानंतर प्रमाणपत्र, मग कौन्सिलची नोंदणी, मग जाहिरातीची वाट. या मधल्या चार-सहा महिन्यांत शिकलेल्या मुली खासगी रुग्णालयात रुजू होतात आणि तिथेच राहतात. संस्थेच्या दृष्टीने सर्वांत मोठी गळती हीच. ती थांबवायची तर निकालाच्या आधीच नोंदणीचे कागद तयार ठेवा, वर सांगितलेला चार महिन्यांचा निर्वाह चालू ठेवा आणि कंत्राटी भरतीच्या जाहिराती दर आठवड्याला मुलींच्या गटावर टाका. नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि त्यासाठी १५० तासांचे निरंतर शिक्षण लागते. प्रमाणपत्रांची फाइल पहिल्याच वर्षापासून ठेवायला सांगा.

पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी आम्ही कधी सुरुवात करावी?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माहिती अधिकाराचे अर्ज, म्हणजे दिवाळीपर्यंत रिक्त पदे कळतात. नोव्हेंबरमध्ये बारावीच्या मुली आणि ३५च्या आतल्या सेविका यांची यादी. डिसेंबर-जानेवारीत जातीचे कागद, नावातले फरक आणि आधार सीडिंग. सीईटीचे अर्ज सुटले की ते भरायला एक शनिवार ठेवा, संगणक आणि स्कॅनर घेऊन. उत्पन्नाचा दाखला मात्र एप्रिलनंतर काढा, कारण संपलेल्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न त्यात लागते आणि मार्चमध्ये काढलेला दाखला प्रवेशाच्या वेळी जुना ठरतो. मे महिन्यात निवड झालेल्या मुलींच्या घरी एकदा जाऊन या. वडील आणि सासू यांच्याशी रात्रपाळीबद्दल तेव्हाच बोलून घ्या.